कोरकू मुलाची बोली आणि आपली शाळा

आपल्या अमरावती जिल्ह्याची दोन टोके एकमेकांहून फार निराळी आहेत. आग्नेयेस वर्धा नदीच्या बाजूला धामणगाव रेल्वेचा तालुका आहे. येथील जमीन काळी व कापसाची, रान मोकळे, आणि मुंबई-नागपूर लोहमार्ग गावातूनच गेलेला. वायव्येस सातपुड्याच्या गाविलगड रांगेत धारणी व चिखलदरा हे मेळघाटाचे तालुके आहेत. तेथे सागाचे जंगल, उतारावरील लहान शेते आणि दूरदूर विखुरलेली गावे. या दोन टोकांत दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर आहे; तथापि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यापासून दोन्हीकडील प्राथमिक शाळा एकाच छत्राखाली चालत आल्या आहेत. आज धामणगावच्या शाळेत शिकविणारा शिक्षक उद्या बदलीने धारणीस जातो. तसेच हरभऱ्याच्या सोंगणीस किंवा वीटभट्टीच्या कामास मेळघाटातील कुटुंबे खाली मैदानात उतरतात, तेव्हा त्यांची मुलेही त्यांच्याबरोबर येतात. म्हणून कोरकू मुलाचा प्रश्न हा केवळ मेळघाटातील शिक्षकांचा प्रश्न नव्हे. तो आपणा सर्वांचा आहे.

आधुनिक जीवन स्वीकारीत असता एखादा आदिवासी समाज आपला वारसा कसा जपतो, हे समजून घेण्यास कोरकूंइतके जवळचे उदाहरण आपणास दुसरे नाही. या जपणुकीत प्राथमिक शाळेचा हात किती साहाय्याचा आणि किती अडथळ्याचा ठरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कोरकू लोक व त्यांची भाषा

कोरकू भाषेत ‘कोरो’ म्हणजे माणूस, आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. तेव्हा ‘कोरकू’ या नावाचा अर्थ ‘माणसे’ एवढाच आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांचा डोंगरी भाग आणि त्यास लागून असलेले मध्य प्रदेशातील बैतुल, खंडवा, बऱ्हाणपूर, हरदा, होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) व छिंदवाडा हे जिल्हे, एवढ्या पट्ट्यात ही जमात पसरली आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ७ लाख २७ हजार लोकांनी कोरकू ही आपली मातृभाषा असल्याचे नोंदविले.

अनेक शिक्षकांची अशी समजूत असते की, कोरकू ही मराठीची किंवा हिंदीची एखादी अपभ्रष्ट बोली आहे. ही समजूत निराधार आहे. मराठी आर्यकुळातील, गोंडी द्राविडी कुळातील, तर कोरकू ही मुंडा गटातील भाषा होय. तिच्या सख्ख्या बहिणी म्हणजे संताळी, मुंडारी, हो इत्यादी भाषा. त्या झारखंड, ओरिसा व बंगाल या भागांत बोलल्या जातात. मुंडा भाषांपैकी सर्वांत पश्चिमेची भाषा कोरकू. आपल्या बहिणींपासून शेकडो मैल दूर राहूनही तिने आपले मूळ धन सोडले नाही. कोरकूत ‘जोम’ म्हणजे खाणे, ‘सिम’ म्हणजे कोंबडी आणि ‘गेल’ म्हणजे दहा. संताळीतही हे तीनही शब्द याच अर्थाने आहेत. वाघास कोरकूत ‘कुला’ म्हणतात, तर संताळीत ‘कुल’. लिपीच्या आधाराविना, केवळ मुखपरंपरेने, हे शब्द शेकडो पिढ्यांच्या तोंडून आजच्या मुलापर्यंत येऊन पोहोचले आहेत. आपल्या वर्गात मागच्या ओळीत गप्प बसलेले मूल एवढा जुना ठेवा बरोबर घेऊन आलेले असते.

या भाषेचे व्याकरणही मोठे सूक्ष्म आहे. संस्कृताप्रमाणे तीत एकवचन, द्विवचन व अनेकवचन अशी तीन वचने आहेत. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद कोरकूत काटेकोरपणे पाळला जातो. ऐकणारा मनुष्य धरून बोलावयाचे असेल तेव्हा एक सर्वनाम, त्यास वगळून बोलावयाचे असेल तेव्हा दुसरे. हा भेद हिंदीत नाही, इंग्रजीतही नाही. तो मराठीत आहे. म्हणजे मराठीची ही खुबी कोरकू मुलास आधीपासूनच अवगत असते. शिक्षकाने ती केवळ दाखवून द्यावयाची असते.

याउलट, मराठीतील पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग ही व्यवस्था कोरकूत नाही. तेथे भेद आहे तो सजीव व निर्जीव यांचा. म्हणून कोरकू मूल ‘माझा आई आला’ किंवा ‘गाय गेला’ असे बोलते, तेव्हा ते बुद्धीने मंद नसते. ते आपल्या भाषेच्या नियमाने बोलत असते. अशा वेळी वर्गात हशा पिकला की ते मूल पुन्हा तोंड उघडीत नाही. पहिलीतील मौन दुसरीत गैरहजेरी होते, आणि पुढे गैरहजेरीचे रूपांतर शाळा सोडण्यात होते. लिंगाच्या एका चुकीवर झालेल्या हशाची किंमत ते मूल पुढे अनेक वर्षे भरीत असते.

परंपरेची चार अंगे

कोरकूंचा वारसा म्हणजे केवळ नृत्य व पोशाख नव्हे. त्याची निदान चार अंगे ध्यानात घेतली पाहिजेत.

पहिले अंग कथेचे. कोरकूंच्या उत्पत्तीची कथा रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या ग्रंथात नोंदविली आहे. सातपुडा व विंध्य हे डोंगर ओसाड आहेत, तेथे माणसे असावीत, अशी विनंती रावणाने महादेवास केली. महादेवाने तांबड्या मातीचे वारूळ शोधण्यास कावळ्यास धाडले, आणि त्या मातीची एक पुरुषाची व एक स्त्रीची अशा दोन मूर्ती घडविल्या. तीच मुला आणि मुलई ही पहिली जोडी. घडविलेल्या मूर्ती मोडल्या जाऊ लागल्या, तेव्हा राखणीस मातीचा कुत्रा केला गेला. आपल्या परिचयाच्या पुराणकथांत रावण ज्या रूपाने येतो, त्याहून येथील रूप वेगळे आहे. शिक्षकाने त्याचे नवल करू नये, की त्यावर वादही घालू नये. ज्या समाजाची कथा आहे त्याने ती तशीच सांगावी.

दुसरे अंग स्मरणाचे. मृताच्या नावे सागाच्या लाकडाचा कोरीव खांब उभारण्याची चाल कोरकूंत आहे. त्यावर सूर्य, चंद्र व घोडेस्वार यांच्या आकृती कोरलेल्या असतात. या विधीस ‘सिडोली’ म्हणतात. या विधीने मृत व्यक्ती पूर्वजांच्या मेळ्यात सामील होते, अशी श्रद्धा आहे. खर्च मोठा असल्याने तो बहुधा काही वर्षांनी, आणि अनेक मृतांसाठी एकत्र केला जातो. यावरून त्या समाजात ऋण, सहकार व पूर्वजांचा आदर या गोष्टींची सांगड कशी घातली आहे, हे दिसून येते.

तिसरे अंग सणांचे. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. कामासाठी दूर गेलेली माणसेही होळीस गावी परततात. पुढे काही दिवस ढोल व बासरीच्या तालावर नाच चालतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून ‘फगवा’ मागितला जातो. कोरकूत नाचास ‘सुसून’ असा शब्द आहे, आणि ‘गादली सुसून’ हे नृत्य मेळघाटात प्रसिद्ध आहे. दिवाळीच्या सुमारास गुराखी लांब बांबूच्या बासऱ्या वाजवीत निघतात.

चौथे अंग, आणि कदाचित सर्वांत मोलाचे, रानाच्या ज्ञानाचे. कोणत्या महिन्यात कोणता कंद, कोणती पालेभाजी, मोह केव्हा वेचावा, कोदो व कुटकी कोणत्या उतारावर पेरावी, हे सारे ज्ञान शब्दांत साठविलेले असते. शब्द विसरला की वनस्पती डोळ्यांसमोर असूनही अनोळखी होते. वाघास ‘कुला मामा’ म्हणून मान देणाऱ्या समाजाने अरण्याशी नाते कसे मानले, हेही त्याच भाषेत साठलेले आहे.

नवे दिवस आणि नव्या अडचणी

मेळघाट आज पूर्वीसारखा एकाकी राहिलेला नाही. रस्ते झाले, दवाखाने व आश्रमशाळा निघाल्या, वीज व भ्रमणध्वनी पोहोचले. कोदो-कुटकीच्या जागी अनेक शेतांत सोयाबीन आले. यातील पुष्कळसे इष्टच आहे. अर्भकमृत्यू व कुपोषण यांच्याशी झगडणाऱ्या प्रदेशास दवाखाना व रस्ता नको, असे कोणीही म्हणणार नाही.

पण काही बदल अधिक खोलवर गेले. १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाची योजना सुरू झाली, तेव्हा देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाचा समावेश होता. पुढे गाभ्यातील गावे बाहेर हलविण्याचे ठरले. २००१ पासून बोरी, कोहा व कुंड या गावांचे अकोट भागात पुनर्वसन झाले. मागाहून आणखीही गावे अकोला जिल्ह्यातील अकोट व तेल्हारा तालुक्यांत आली. पुनर्वसनात घर, जमीन व पैसा यांचा हिशेब होतो. परंतु स्मृतिखांब जेथे उभे आहेत ती जागा, कंदांचे डोंगर आणि नावानिशी ओळखीचे ओढे यांचा हिशेब कोणत्याही नोंदवहीत बसत नाही. मैदानातील गावात कोरकू मुलाच्या शेजारी मराठी बोलणारी मुले बसतात. बाजार मराठीत, शाळा मराठीत, दूरचित्रवाणी हिंदीत. अशा स्थितीत घरची भाषा एका पिढीत मागे पडू शकते.

हंगामी स्थलांतराचे दुःख याहून निराळे आहे. कुटुंब चार महिने बाहेर राहिले की मुलाची हजेरी तुटते. मूळ गावच्या शाळेत ते ‘गैरहजर’ आणि नव्या गावात ‘परके’. दोन्ही पटांवर नाव असून ते मूल प्रत्यक्षात कोणत्याच शाळेचे राहत नाही.

जुन्याने नव्याशी केलेला मेळ

एवढ्यावरून कोरकू समाज केवळ गमावीत चालला आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. जेथे जुन्या ज्ञानास नवे काम मिळाले, तेथे ते टिकले आहे.

अचलपूर तालुक्यातील पायविहीर हे गाव याचे उत्तम उदाहरण होय. तेथील वस्ती मुख्यत्वे कोरकू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २०१२ साली या गावास सुमारे १९२ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. ती जमीन त्या वेळी बरीचशी उजाड होती. ग्रामसभेने चराईवर बंधन घातले, पाणी अडविले, झाडे लावली, आणि सीताफळे स्वतः गोळा करून स्वतःच्या नावाने शहरात विकण्यास आरंभ केला. २०१४ साली या गावास जैवविविधतेच्या रक्षणासाठी राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कार मिळाला. येथे हक्काचा कायदा, ग्रामसभेची लेखी नोंद व शहरी बाजार या गोष्टी नव्या. तर रानाची ओळख आणि सर्वांनी मिळून निर्णय घेण्याची रीत जुनी. दोहोंपैकी एकही वगळली असती तर हे काम उभे राहिले नसते.

भाषेच्या बाबतीतही अशी उदाहरणे आहेत. कोरकूची बहीण जी संताळी, तिच्यासाठी पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ च्या सुमारास ‘ओल चिकी’ ही स्वतंत्र लिपी सिद्ध केली, आणि २००३ सालच्या घटनादुरुस्तीने संताळीस आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. कोरकू देवनागरीत लिहिली जाते, ही आपल्या शिक्षकांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. काही शब्दांच्या अखेरीस घशात किंचित अडकणारा उच्चार आहे, त्यास देवनागरीत खूण नाही. एवढी अडचण सोडली तर कोरकू गोष्ट फळ्यावर लिहिण्यास कोणतीच आडकाठी नाही. आपल्याच राज्यात गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली मुलांना गोंडीतून शिकविणारी शाळा स्वतः सुरू केली.

दूर न्यूझीलंडमध्ये एके काळी माओरी मुलांना शाळेत आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. परिणामी दोन-तीन पिढ्यांत ती भाषा मुख्यतः वृद्धांच्या तोंडी उरली. १९८२ पासून तेथील लोकांनी ‘भाषेचे घरटे’ या अर्थाच्या नावाच्या बालशाळा काढल्या. तेथे आजी-आजोबा बालकांशी माओरीतच बोलत. १९८७ साली माओरीस राजभाषेचा दर्जा मिळाला. ज्या शाळेने भाषा मोडली, त्याच शाळेच्या मार्गाने ती पुन्हा उभी करावी लागली. हा धडा आपण नुकसान होण्यापूर्वीच घेतला तर फार बरे.

शाळेचे कर्तव्य

या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. १९५६ साली घटनेत घातलेल्या ३५०-अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यात मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा म्हणतो की, शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत हेच सांगितले आहे.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. कोरकू पालकास आपल्या मुलाने मराठी शिकावी असेच वाटते. तलाठ्याकडे, बँकेत, दवाखान्यात, पुढे नोकरीत मराठीच लागते. मग मुलास त्याच्या बोलीत अडकवून का ठेवावे? शंका खरी आहे आणि पालकाची इच्छाही योग्य आहे. परंतु मातृभाषेतून आरंभ करणे म्हणजे मराठी टाळणे नव्हे. ज्या मुलास ‘अधिक’ व ‘उणे’ या कल्पना आपल्या भाषेत कळल्या, त्यास मराठीत केवळ शब्द शिकावा लागतो. ज्यास दोन्ही एकाच वेळी अपरिचित, ते मूल पाढे घोकते, पण गणित शिकत नाही. मातृभाषा ही मराठीच्या वाटेवरील पायरी आहे; पायरी काढून घेतल्याने वर चढणे सोपे होत नाही.

आणखी एक उणीव येथे सांगितली पाहिजे. ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन अनेक शाळांत उत्साहाने साजरा होतो. मुले पारंपरिक वेशात नाचतात, पाहुणे कौतुक करतात. ते चांगलेच आहे. परंतु दुसऱ्या दिवशी तेच मूल वर्गात आपल्या भाषेत बोलले आणि ‘नीट बोल’ असे त्यास दटावले गेले, तर कालच्या कौतुकास अर्थ उरत नाही. वारसा वर्षातून एक दिवस व्यासपीठावर ठेवल्याने टिकत नाही. रोजच्या कामात त्यास जागा दिली तरच तो टिकतो.

शिक्षकांसाठी काही सूचना

१. वर्गात कोरकू मूल असल्यास पहिल्या आठवड्यात त्याच्या भाषेतील वीस शब्द शिकून घ्यावेत. घर (उरा), पाणी (डा), खाणे (जोम), कोंबडी (सिम) अशा शब्दांपासून आरंभ करावा. उच्चार मुलाकडूनच दुरुस्त करून घ्यावा. गुरुजी आपल्याकडून काही शिकतात, हे पाहून मुलाची भीती निम्मी होते.

२. लिंगाच्या चुकांवर हसू देऊ नये. ‘माझा आई’ असे मूल म्हणाल्यास ‘माझी आई काय करते?’ असा सहज प्रतिप्रश्न करावा. बरोबर रूप कानावर वारंवार पडले की ते आपोआप रुळते.

३. ‘आम्ही’ व ‘आपण’ या भेदाचा धडा कोरकू मुलाकडून वर्गास द्यावा. या एका विषयात ते मूल वर्गाचा गुरू होऊ शकते.

४. कोरकूत वीस या संख्येस ‘इसा’ म्हणतात आणि तेथील जुनी गणना विसांनी चालते. वऱ्हाडातील वृद्धही ‘तीन विसा’ म्हणजे साठ असे मोजीत. दशक शिकविताना विसाची जुडी करून दोन्ही रीती शेजारी शेजारी दाखवाव्यात.

५. महिन्यातून एकदा आजी किंवा आजोबांस शाळेत बोलवावे. त्यांनी कोरकूत गोष्ट सांगावी, मोठ्या मुलांनी ती देवनागरीत उतरून घ्यावी आणि मराठीत सांगावी. अशा वह्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. परिसर अभ्यासात रानभाज्या व झाडे यांची कोरकू, वऱ्हाडी व मराठी नावे तीन रकान्यांत लिहावीत.

६. मैदानी तालुक्यांतील शाळांनी हंगामात आलेल्या मुलांची आपणहून चौकशी करावी. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवू नये. शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखल्याचा विलंब हे नकाराचे कारण होऊ शकत नाही. मूळ गावच्या मुख्याध्यापकांस दूरध्वनी करून मुलाची प्रगती कळवावी, म्हणजे परत गेल्यावर त्याचे वर्ष वाया जाणार नाही. ज्या गावातून पालक जातात तेथे हंगामी वसतिगृहाची सोय आहे किंवा कसे, हेही पाहावे.

हे सारे कोरकूंपुरतेच खरे आहे असे नाही. आपल्या मैदानी तालुक्यांत बंजारा तांडे आहेत, पारधी बेडे आहेत. त्यांच्याही घरी निराळी भाषा बोलली जाते. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ नावाची शाळा उभारली. ते स्वतः त्याच समाजातील आहेत. शाळेस असे नाव का द्यावे लागले, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी करावा.

समारोप

कोणताही समाज काळाबरोबर बदलतो. मराठी भाषकही आपल्या आजोबांप्रमाणे राहत नाहीत. प्रश्न बदलाचा नसून तो बदल कोणाच्या हातून व्हावा, हा आहे. पायविहीरच्या ग्रामसभेने आपला बदल आपण ठरविला, म्हणून तेथे जुने व नवे एकत्र नांदले. लहान मूल मात्र आपला बदल स्वतः ठरवू शकत नाही. त्याच्या वतीने तो त्याचे आईबाप व शिक्षक ठरवितात. आईबापांनी त्यास भाषा दिली आणि विश्वासाने शाळेत धाडले. ती भाषा जवळ ठेवून त्याने मराठी मिळवावी, एकीच्या मोबदल्यात दुसरी नव्हे, एवढे पाहणे आपल्या हाती आहे. त्यास वेगळे अनुदान लागत नाही, इमारत लागत नाही, आदेशाचीही वाट पाहावी लागत नाही. उद्या सकाळी हजेरी घेताना मागच्या ओळीतील मुलास त्याच्या भाषेत एक शब्द विचारावा, आणि तो फळ्यावर लिहावा. तेथून आरंभ होईल.